सॉन्ग हे-क्यो: ‘द ग्लोरी’चं श्रेय नक्की कुणाचं?

कडीपत्ता:
‘द ग्लोरी’ ही कोरियन मालिका बघून संपवली. शाळेत अमानुष छळ सोसलेली मून दोंग-उन मोठेपणी शिक्षिका होऊन एकेकाचा हिशोब चुकता करते. या भूमिकेसाठी अभिनेत्री सॉन्ग हे-क्योला २०२३ चा बेकसांग (कोरियातला मानाचा अभिनय पुरस्कार) मिळाल्यापासून सगळीकडे एकच सूर: हे-क्योने कात टाकली. मला नाही पटत. न बोलता बघत राहणं, ओठ मिटून आवंढा गिळणं हे २००० च्या ‘ऑटम इन माय हार्ट’मध्येही होतंच की. तेव्हा बिचारीला ल्युकेमियाने मरायचं होतं, आता सूड घ्यायचाय. बदललं ते लेखन.

उगाच_पुणेकर:
साफ असहमत. वीस वर्षं तोच सोशिक चेहरा! ‘फुल हाउस’मध्ये (२००४) जरा दंगा केला, तेवढंच काय ते. आणि ‘ग्लोरी’त केस कुरळे करायच्या तापल्या यंत्राने चटके देतात, ज्याने पोटात गोळा येतो, तिथे हे-क्यो नाहीच. शाळकरी दोंग-उन जंग जी-सोने केलीय. पुढची मालिका तोलून धरली ती खलनायिका लिम जी-यॉनने. सहायक अभिनेत्रीचं बेकसांग तिला उगाच नाही मिळालं.

कडीपत्ता:
जी-सो ग्रेटच. पण मालिकेच्या दुसऱ्या पर्वातली दोंग-उनची ती दारुडी आई आठवा. लेक आगीला घाबरते हे कळल्यावर मुद्दाम घरात जाळ करते. इतके भाग दगडासारखी बसलेली बाई तिथे अक्षरशः कोसळते. आधीचा तो थंडपणा नसता तर हा प्रसंग एवढा लागला असता?

माजघर:
लेखन बदललं म्हणताय, पण लेखिका तर जुनीच! किम उन-सुक. ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ (२०१६) तिनेच सहलेखकाबरोबर लिहिली होती. हे-क्यो त्यात डॉक्टर, आणि शेवटच्या भागाचा टीआरपी ३८.८ टक्के. म्हणजे दोघींनी मिळून हुकमी प्रेमकथेची वाट सोडली, तीही नायिकेची चाळिशी उलटल्यावर. ओटीटी नसतं तर एवढा हिंसक विषय टीव्हीवर असा आला असता का, शंकाच आहे.

खमंग_काकडी:
पुणेकर, ‘वर्ल्ड्स विदिन’ (२००८) पाहिलीय का? त्यात ती टीव्ही मालिकांची दिग्दर्शिका आहे. भांडकुदळ, घाईची, कामात चोख. सोशिकपणा औषधालाही नाही. पण टीआरपी पडला. पुढे २०१३ मध्ये त्याच मालिकेची लेखिका नो ही-क्युंगने तिला ‘दॅट विंटर, द विंड ब्लोज’मधली अंध वारसदार दिली आणि ती मालिका चालली. लोकांना ती रडतानाच हवी होती, त्याला तिने काय करावं?
(अवांतर: त्यातला हिवाळा कसला सुंदर टिपलाय!)

उगाच_पुणेकर:
सगळं प्रेक्षकांच्या माथी मारू नका. २०२१ ची ‘नाऊ वी आर ब्रेकिंग अप’ कुणी बळजबरीने करायला लावली होती? फॅशन डिझायनर, भारी कपडे आणि तेच उसासे. एवढी मोठी स्टार, नाही म्हणायची ताकद तिच्याकडे होती. लिम जी-यॉनसारख्यांना निवडीची ही चैन कुठे होती?

माजघर:
हा मुद्दा मात्र बिनतोड.

कडीपत्ता:
बिनतोड कसला! ‘ग्लोरी’नंतर सूडकथांचीच रांग लावणं सोपं होतं. तिने २०२५ चा ‘डार्क नन्स’ केला. सिगारेट ओढणारी, शिव्या देणारी, भूत उतरवणारी नन! ही निवड नाही?

उगाच_पुणेकर:
पाहिला. शिव्या झकास देते. पण तो सिनेमा आहे, मी मालिकांबद्दल बोलतोय. सोळा भाग असलं पात्र करून दाखवू दे, मग मीच नवा धागा काढतो.