चाळीतला लाकडी जिना आणि ७९ वर्षांचे बाबा: काय करता येईल?

गिरगावची_लेक
बाबा ७९ वर्षांचे, गिरगावात चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. मी डोंबिवलीला. "इकडे या" म्हणून सांगून थकले. सकाळचा पेपर आणि खालच्या ओट्यावरची चार टाळकी सोडून ते कुठेही यायचे नाहीत, तेव्हा तो सल्ला कृपया नको. जिन्याचं बोला.

जिना सागवानी, एकदम खडा. पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झाल्यात. कठडा एकाच बाजूला, चढताना उजव्या हाताला. दुसरीकडे भिंत आणि भिंतीलगत वरून सोडलेला दोरखंड, आजोबांच्या काळापासूनचा. हात लागून लागून काळा गुळगुळीत झालाय. लहानपणी आम्ही त्याला लोंबकळून मार खाल्लाय.

जुलैत बाबा उतरताना पडले. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. सगळे म्हणाले पाऊस, ओल्या चपला, घसरले असणार. म्हणून प्रत्येक पायरीवर ती काळी खरखरीत अँटी-स्किड पट्टी चिकटवून घेतली. पंधरा दिवसांत तिच्या कडा उचकटल्या, आता त्यातच पाय अडकतो. शेजारच्या काकू म्हणतात रबरी मॅट टाक. टाकू का?

ओळंबा
मॅट अजिबात नको. सुटी मॅट म्हणजे घसरगुंडीच. पट्टीही काढून टाका. लाकडावर इतक्या वर्षांचं तेल-मळ बसलेलं असतं, पॉलिश पेपर मारल्याशिवाय काहीच धरत नाही, त्यात पावसाळा. पण ताई, आधी हे सांगा, कितव्या पायरीवर पडले?

गिरगावची_लेक
अगदी तळाच्या. बाबा तेव्हापासून एकच म्हणतायत, "घसरलो नाही गं, जमीन लवकर आली." आम्हाला वाटलं, वयाचं बोलणं.

ओळंबा
वयाचं नाही, मापाचं! टेप घ्या आणि एकेक पायरी मोजा. मी ३२ वर्षं साइटवर सुपरवायझर होतो. दोन पायऱ्या उतरलं की पायाला उंची पाठ होते, मग माणूस खाली बघतच नाही. राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते राहत्या घराच्या पायरीची उंची १९ सेंमीच्या वर नको, पाऊल ठेवायला किमान २५ सेंमी हवेत. आपल्या चाळींत ते कुठलं असायला! तरी खडा का होईना, जिना एकसारखा असेल तर लोक जन्मभर उतरतात. एकच पायरी वेगळी निघाली की गडबड. तळाच्या बोळात नंतर कधी फरशी बसवलीय का?

गिरगावची_लेक
काका, रविवारी मोजून आले. २१, २१, साडेवीस, २१, असं करत शेवटची १४! दोन वर्षांपूर्वी बोळात टाइल्स बसवल्या, जुनी शहाबादी न उखडता तिच्यावरच. बाबांना आकडे वाचून दाखवले. चष्मा पुसत म्हणाले, "मग मी काय मराठीत सांगत नव्हतो?"

निवृत्त_फिजिओ
चष्मा बायफोकल आहे का? असेल तर उतरताना पायाकडे बघितलं की नजर वाचायच्या भागातून जाते आणि पायरी धूसर दिसते. जिन्यासाठी नुसता लांबचा चष्मा वेगळा करून घ्या. गुडघा दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

आणि कठडा चढताना उजवीकडे म्हणजे उतरताना डावीकडे, तेच मोडलेलं मनगट. त्या हातात पूर्वीची पकड यायला वेळ लागतो. भिंतीच्या बाजूला पक्का दांडा हवाच. दोरावर विसंबू नका, तोल गेला की दोरही माणसासोबत झुलतो. दांडा गोल, साधारण ४ सेंमी जाडीचा, भिंतीपासून चार बोटं सुटा आणि तळाच्या पायरीपुढे फूटभर जास्त. पाय जमिनीला लागेपर्यंत हात सुटता कामा नये.

परळ_टीटी
भिंत चुन्यातली असेल तर गिट्टी (स्क्रू धरायला भिंतीत ठोकतात ती खुंटी) विटांमधल्या सांध्यात ठोकू नका, हलते. भोक थेट विटेत पाडायला सांगा. दिव्याला वर-खाली टू-वे स्विच करा, म्हणजे अंधारात कुणी उतरायला नको. मालकाला विचारून घ्या. चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी, असेल (१ सप्टेंबर १९४० पूर्वीची म्हणजे 'अ' वर्ग) तर झिजलेल्या पायऱ्यांसाठी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज टाका. दांडा मात्र त्याआधीच लावा. आणि जिन्यातल्या कुंड्या, चपला, छत्र्या? त्यांचं कुणी बोलतच नाही.

गिरगावची_लेक
झालं एकदाचं. दांडा बसला, सागाचाच. त्याआधी चाळीत मीटिंग. "फ्रिज वर कसा न्यायचा?" यावर तासभर. शेवटी एकांनी खरंच घरातल्या फ्रिजचं माप आणलं, दांडा धरूनही बोटभर जागा उरते म्हणून सिद्ध झालं! टाइल्स उखडायला बोळातली दोन बिऱ्हाडं तयार नाहीत. तूर्तास ओळंबाकाकांना फोटो पाठवून विचारलं आणि तळाच्या पायरीच्या कडेला दोन बोटं रुंद पिवळा ऑइलपेंट मारला. टू-वे स्विच लागला. कुंड्या अजून तिथेच.

सुतार दोर कापायला गेला तर बाबांनी त्याचा हात धरला. तो सोडवून आता गॅलरीच्या कठड्याला बांधलाय, भाजीवाला आला की पिशवी वरून सोडतात. त्यामुळे जिन्यात हात मोकळे राहतात, हे बरंच झालं. पेपर मात्र पिशवीत टाकू देत नाहीत. त्यासाठी रोज खाली उतरतात, दांडा धरून, आणि शेवटच्या पायरीवर मोठ्याने म्हणतात, "चौदा."