मुझफ्फरपूरची मुलं लिचीने गेली की उपाशीपोटी?

सायली_के
२०१९ च्या जूनमध्ये बिहारात ‘चमकी बुखार’ने (अचानक झटके येऊन मूल बेशुद्ध पडतं, तो आजार) दीडशेहून जास्त मुलं दगावली, बहुतेक मुझफ्फरपूर आणि आसपासची. तेव्हापासून एकच ऐकतेय, ‘लिचीने मुलं मारली’. मला हे पटत नाही. २०१४ च्या साथीचा अभ्यास ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१७ साली आला. लिची खाल्लेल्या आणि त्यातही रात्री न जेवलेल्या मुलांना धोका जास्त, असं त्यात दिसलं. तीच लिची खाऊन खात्यापित्या घरची मुलं सहसा ठणठणीत राहतात. मग दोष फळाचा कसा?

बांधावरून
असहमत. लिचीत हायपोग्लायसिन ए आणि एमसीपीजी ही विषारी द्रव्यं असतात, कच्च्या फळात जास्तच. साखर संपली की शरीर चरबीवर चालतं, ती वाटच ही द्रव्यं अडवतात. आजारी मुलांच्या लघवीत त्यांचा अंश सापडलाय. उपासमार देशभर आहे, बारा महिने आहे. मग मे-जूनमध्येच, बागांच्या पट्ट्यातच मुलं का जातात?

सायली_के
विष आहे, मान्य. पण कुपोषित पोराच्या यकृतात साखरेचा साठाच नसतो. दिवसभर बागेत पडलेली फळं खायची, रात्री तसंच झोपायचं, पहाटे झटके. साठा असता तर तेच विष निभावलं असतं.

रात्रपाळी
मी बालरुग्ण विभागात काम करते. अहो, यातल्या बहुतेकांच्या मेंदूला सूज नसतेच, तरी सगळे ‘मेंदूज्वर’ म्हणतात. २०१४ च्या त्याच अभ्यासात तपासलेल्या ३२७ पैकी २०४ मुलांच्या रक्तातली साखर ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याखाली, म्हणजे कमी होती. अशा मुलाला गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच ग्लुकोमीटर लावून शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण, मिळायला हवं. मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवर जे तास जातात, त्यातच मेंदू जातो. तुमच्या वादात हे कुठेच नाही.

बांधावरून
ताई, हे पटलं. पण ‘मुलाला उपाशी झोपवू नका’ ही जनजागृती मला सहन होत नाही. कोणती आई मुद्दाम झोपवते? चूल पेटली नसेल तर ती काय वाढणार? निदान ‘पडलेली, कच्ची लिची देऊ नका’ हे तिला पाळता तरी येतं.

सायली_के
पाळता येतं? दारातच बाग आणि घरात दुसरं काही नाही, अशा पोराला फळापासून कोण अडवणार? अंगणवाडीचं जेवण दिवसा मिळतं. हंगामाच्या त्या दोन महिन्यांत सरकारने संध्याकाळचंही द्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.