व्हाइट माउंटनचं पाणी खालूनच न्या

काही जण म्हणतात की कॅलिफोर्नियातलं व्हाइट माउंटन म्हणजे नुसती जीपवाट, सोपंच. वाट सोपी आहे हो, पण उंची ४,३४४ मीटर! पश्चिमेची सिएरा नेवाडा पर्वतरांग पाऊस अडवते, म्हणून हा डोंगर कोरडाठाक. वाटेवरच्या ग्रँडव्ह्यू कॅम्पग्राउंडवरही (तंबूतळावर) पाणी नाही. आम्ही माणशी पाच लिटर खालच्या गावातून भरून नेलं. आदल्या रात्री कॅम्पग्राउंडवर मुक्काम कराच, शरीराला उंचीची सवय होते. गाडी जिथे थांबते त्या बंद फाटकापासून जाऊन-येऊन साधारण २२ किलोमीटर, सावलीला झाड नाही. दुपारच्या विजांआधी माथ्यावरून उतरा.

आणि इथली ब्रिसलकोन पाइनची झाडं चुकवू नका. काही झाडं चार हजार वर्षांहून जुनी! पिळवटलेलं, वाऱ्याने घासून गुळगुळीत झालेलं खोड, आणि सालीच्या एका पट्टीवर जिवंत असलेली हिरवी फांदी.