किडनीच्या पेशंटला गुडघेदुखीवर कुठली गोळी चालते? अर्जंट

सिंहगडरोडकर
बाबांचा गुडघा कालपासून जाम दुखतोय, रात्रभर झोप नाही. किडनीच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची. घरात पॅरासिटामॉलवाली गोळी आहे, मेडिकलवाला म्हणतो बिनधास्त द्या. देऊ का? फालतू चर्चा नको.

बुधवारपेठी_फार्मासिस्ट
'वाली' म्हणजे? स्ट्रिपवर अजून काय लिहिलंय? वय, क्रिएटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा), चालू गोळ्या?

चकली
आमच्या सासूबाईंचं क्रिएटिनिन गोखरूचा काढा आणि रोज शहाळं यानेच उतरलं. आधी त्या गोळ्या बंद करा.

बुधवारपेठी_फार्मासिस्ट
शहाळ्यात पोटॅशियम किती असतं माहितीये का? अशा पेशंटचं ते आधीच वाढलेलं असू शकतं. आणि चालू गोळ्या बंद करा असं परस्पर सांगू नका हो.

चकली
नैसर्गिक आहे ते.

पर्वतीपायथा
स्टारफ्रूटही नैसर्गिकच. किडनीच्या पेशंटला त्याने न थांबणारी उचकी लागते, फिटही येते.

सिंहगडरोडकर
वय ७१, क्रिएटिनिन २.१. टेल्मिसार्टन (बीपीची), टॉर्सेमाइड (लघवीची), मेटफॉर्मिन (शुगरची). गोळी: ॲसिक्लोफेनॅक १०० + पॅरासिटामॉल ३२५. आता तरी सांगा!

बुधवारपेठी_फार्मासिस्ट
ही नको. ॲसिक्लोफेनॅक या पेनकिलरने किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यात टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी. तिन्ही एकत्र आली की किडनी अचानक बसू शकते. कॉम्बिफ्लामही नको, त्यात आयब्युप्रोफेन ४०० आहे, तेही त्याच जातीचं. द्यायचीच तर नुसती पॅरासिटामॉल ५००, तीही फोनवर विचारून. ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) ३३च्या आसपास येतोय, मेटफॉर्मिनचा डोसही तपासून घ्या.

निवृत्त_औंध
गुडघा बदलून टाका. मी दोन्ही बदलले, आता पर्वती चढतो.

पर्वतीपायथा
काका, ते विचारलंय कुणी? सिंहगडरोडकर, गुडघा लाल, गरम आहे का? लघवीच्या गोळीने युरिक ॲसिड वाढतं, गाउट (युरिक ॲसिडने सांधा सुजणं) असेल. पण त्यावरचं कोल्चिसिनही किडनी बघूनच देतात, मनाने आणू नका.

चकली
मग निर्गुडीचा शेक? की तोही विषारी?

बुधवारपेठी_फार्मासिस्ट
गरम गुडघ्याला शेक नको. डायक्लोफेनॅकचं जेलही विचारल्याशिवाय नको, थोडं रक्तात जातंच.

सिंहगडरोडकर
लाल आहे, गरमही. ताप १०१. डॉक्टर फोन उचलत नाहीत, असिस्टंट म्हणतो फाइलचे फोटो पाठवा.

बुधवारपेठी_फार्मासिस्ट
ताप आणि लाल सांधा म्हणजे आत जंतुसंसर्गही असू शकतो. गुरुवार विसरा, आत्ताच कॅज्युअल्टी गाठा. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या.

निवृत्त_औंध
दांडेकर पुलाकडे जाऊ नका, अडकाल. राजाराम पुलावरून कर्वेनगरला काढा.