पापाचे दुःख किती काळ बाळगावे?

रामबाग, इंदूर
आमच्या घरगुती प्रार्थनासभेत हल्ली पापकबुलीची प्रार्थना एका दमात म्हणून होते आणि लगेच नोकरी, घर, परीक्षेतील यश यांच्या साक्षी सुरू होतात. पापाचे दुःख वाटण्याइतकी उसंतच आपण स्वतःला देत नाही. नाथान संदेष्ट्याने दोष पदरात घातल्यावर दावीद राजाने भग्न हृदय देवापुढे ठेवले, ते बायबलमधील ५१व्या स्तोत्रात आहे. येशूला तीनदा नाकारल्यानंतर कोंबडा आरवला, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेल्या जागृतीतही अश्रू आणि पापकबुली होतीच. ज्याला पाप सलत नाही, त्याला क्षमेचे मोल कसे कळणार?

सुदामानगर
मी याच्याशी सहमत नाही. आमच्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी दर वेळी मागच्या बाकावर बसून राहतात. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्याशी अबोला धरला, हे त्यांचे पाप, आणि सासूबाई जाऊन कैक वर्षे लोटली. त्यांनी ते देवापुढे कितीदा कबूल केले असेल! पाप पदरी घेतले तर देव विश्वासू व न्यायी असल्यामुळे क्षमा करतो, असे योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) स्पष्ट असताना त्यांना आणखी रडायला सांगणे हा निव्वळ जाच आहे. प्रेषित पौलानेही करिंथकरांना (दुसरे पत्र, ७:१०) देवाच्या इच्छेप्रमाणे होणारे आणि मरणाकडे नेणारे, अशी दोन दुःखे वेगळी करून दाखवली आहेत.

पलासिया
मला अश्रूंपेक्षा परतफेड महत्त्वाची वाटते. येशूला भेटलेला जकातदार जक्कय रडल्याची नोंद नाही. त्याने लोकांकडून अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्याचे कबूल केले. आमच्याकडे एक गृहस्थ उपवासकाळात हुंदके देऊन प्रार्थना करतात, पण बहिणीचा वाटा अजून दिलेला नाही.

रामबाग, इंदूर
परतफेड हवीच, पण तेवढी कसोटी पुरत नाही. येशूला धरून देण्यासाठी घेतलेली तीस नाणी यहूदानेही परत केली. तो याजकांकडे गेला, प्रभूकडे वळला नाही, आणि त्याचे दुःख त्याला गळफासापर्यंत घेऊन गेले. पेत्राचे दुःख त्याला पुन्हा येशूच्या समोर घेऊन आले. त्या भगिनींविषयी सुदामानगरचे म्हणणे मला पटते, मात्र ‘विसरून जा’ हा सल्ला त्यांना देऊ नये. सासूबाईंशी धरलेल्या अबोल्याचे त्यांचे दुःख खरे आहे. पाळकांनी आधी त्यांच्या घरी जाऊन ते सगळे ऐकून घ्यावे आणि पुढच्या प्रभुभोजनाला त्यांना स्वतः पुढे घेऊन यावे.