उ: घरमालक दुरुस्ती करत नाही – भाडं थांबवावं का?

वर दोघातिघांनी "भाडंच बंद करा, मग येईल वठणीवर" असं लिहिलंय. कृपा करून हे करू नका. भाडं थकलं की घरमालकाला आयतं कारण मिळतं आणि गळकं छत बाजूलाच राहतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मध्ये याची सोय आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची, एकट्याने किंवा सगळ्या भाडेकरूंनी मिळून. तरीही वाजवी मुदतीत काम झालं नाही तर स्वतः करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. मात्र एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त कापता येत नाही. आणि करारात दुरुस्ती तुमच्या गळ्यात मारली असेल तर हा मार्गच बंद, म्हणून करार आधी वाचा. (लीव्ह अँड लायसन्सवाल्यांनी हे कलम आपल्याला लागू आहे असं गृहीत धरू नये.)

आमच्या चाळीत सामायिक संडासाचा पाइप फुटला तेव्हा आम्ही सात बिऱ्हाडांनी एकच पत्र सह्या करून पोस्टाने पाठवलं, पोचपावती जपून ठेवली. तोंडी सांगून दोन पावसाळे गेले होते! प्लंबरची, सिमेंटची बिलं एका वहीत चिकटवली. कायद्यानुसार हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा पुरावा, त्यामुळे मालक कुरकुरला पण पुढे काही बोलला नाही. कच्च्या चिठ्ठीवर काम करणारा गवंडी मात्र घेऊ नका.