मदत हवी आहे: लाकूड सुकवायच्या छोट्या भट्टीला जादा उष्णता कशी द्यावी?

कुडाळजवळ माझी १० × ८ फुटांची सौर भट्टी आहे. वर पॉलिकार्बोनेट, आत दोन पंखे. एका वेळी साधारण ५० घनफूट फणसाच्या एक इंची फळ्या, मध्ये पट्ट्या घालून रचतो. उन्हाळ्यात झकास चालते. पावसाळ्यात मात्र ओलावा २० टक्क्यांवर अडतो. मला १२ हवाय. (मीटरवर भरवसा नव्हता म्हणून तुकडा ओव्हनमध्ये सुकवून, वजन करून पाहिलं. तेवढाच.)

दोन किलोवॉटचा रूम हीटर लावून पाहिला. वरच्या थराच्या फळ्या टोकांना तडकल्या, खालच्या तशाच ओल्या. टोकांना मेण लावलेलं होतं तरी. शिवाय वीज सिंगल फेज, त्यामुळे मोठा हीटर नको. लाकडाचे तुकडे आणि भुसा भरपूर आहे, पण धूर आणि ठिणगी आत नको. म्हणून बाहेर बंब पेटवून गरम पाणी गाडीच्या जुन्या रेडिएटरमधून आत फिरवायचा विचार आहे.

आतलं तापमान २६ वरून ४५ अंशांवर न्यायला साधारण किती किलोवॉट उष्णता लागेल? आणि रेडिएटर पंख्याच्या पुढे बसवावा की मागे?